डोक्यातला किडा

"अगं ए, लवकर ये! रूममध्ये किडा आलाय!"

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन. जर्नलची अकरा पानं अजून कोरी. तरीही मी पेन टाकून उठते, कारण आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर किडा निघाला की मला बोलवायचं, असा आता अलिखित नियमच झाला आहे. पूर्वी हे काम झाडूचं होतं. मी जाते, ट्यूबलाइटखाली उभी राहते आणि सगळ्यात आधी विचारते, "पाय किती आहेत?"

"पाय?? तू आधी त्याला बाहेर काढ ना!"

मग पलंगावर उभ्या असलेल्या तिघीचौघी माझ्याकडे असं बघतात, की भीती किड्याची वाटायला हवी की माझी, हेच त्यांना ठरवता येत नाही. "हिच्या डोक्यातच किडा आहे," असं माझी रूमपार्टनर सगळ्यांना सांगते. खरं आहे ते. फक्त तो डोक्यात शिरला कसा, हे मी आजवर कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे एक चूक कबूल करावी लागते. पण मराठी विभागाला लेख कमी पडतायत असं कळलं. म्हटलं, चला, याच निमित्ताने होऊन जाऊ दे.

(शुद्धलेखन संपादकांनी तपासून घ्यावं ही विनंती. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचे आठवड्याला चार पिरियड असत आणि बाई रजेवर असल्या की त्या जागी पी.टी. असे.)

तर, कॉन्व्हेंट. तिथे आम्हाला बायॉलॉजी फार छान शिकवली. फुलपाखराचं जीवनचक्र मी सातवीत चार्टपेपरवर काढलं होतं. अंडं, लार्वा, प्यूपा, अडल्ट, मध्ये बाण, खाली सुबक अक्षरात लेबलं. दहापैकी दहा! तो चार्ट वर्षभर वर्गात लावलेला होता. त्यामुळे लार्वा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तोच यायचा, पान कुरतडणारा हिरवा गुबगुबीत सुरवंट. दुसऱ्या कुणाचा लार्वा असू शकतो आणि तो पान सोडून आणखी काही खात असेल, हे चार्टवर नव्हतं. म्हणजे माझ्या जगातही नव्हतं. पुढे अकरावी-बारावीत बायॉलॉजी सोडली, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि तो चार्ट डोक्यात तसाच लटकत राहिला.

आता दसरा, २०२४. मामाचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पाच एकर शेत, त्यात साडेतीन एकर कपाशी, बाकीत तूर आणि थोडं सोयाबीन. मी सुट्टीत चार दिवस गेले होते. मामी माहेरी होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. मामा संध्याकाळी मला शेतात घेऊन गेला आणि एक पान उलटून म्हणाला, "पाय बरं बाई, हे काय हाये?"

पानावर पाच-सहा किडे फिरत होते. बोटाच्या पेराहूनही लहान, काळपट, खरबरीत अंगाचे, पाठीवर नारिंगी ठिपके. मगरीची पिल्लं पेनच्या टोपणात मावतील एवढी केली तर कशी दिसतील, तशी. पानाच्या मागे हिरवट-पिवळे बारीक दाणे चिकटले होते आणि पान चिकचिकीत झालं होतं.

मी एका सेकंदात सांगितलं, "मामा, हे लार्वा आहेत."

"म्हंजे?"

"अळ्या. पानं खातात. आणि हे मागचे दाणे दिसतात ना, ती त्यांची अंडी. आत्ताच फवारलं नाही तर सगळं शेत खातील."

आता गंमत बघा. या अख्ख्या भाषणात 'लार्वा' हा एकच शब्द बरोबर होता, आणि घात त्यानेच केला.

मामा जरा घुटमळला. "मले त वाटे का हे काई करत नाई. दरसाल दिसते हे. पण तू शिकेल हायेस, तू म्हणतं त असंन."

तीस वर्षं कपाशी करणारा माणूस. त्याचं तीस वर्षांचं 'मले वाटे' माझ्या सातवीतल्या एका चार्टपेपरपुढे गप्प बसलं, कारण माझा शब्द इंग्रजी होता.

दुसऱ्या दिवशी मामाने फवारलं. घरात अर्धी बाटली शिल्लक होती. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल. कपाशी ऑक्टोबरात छातीला लागते, त्यामुळे फवारा सरळ तोंडावरच उडत असतो. ऊन मरणाचं होतं. मी बांधावर बसून मोबाईलवर गाणी ऐकत होते. हेही लिहायलाच हवं.

संध्याकाळी मामाचं डोकं दुखायला लागलं. मग डोळे चुरचुरू लागले. जेवण समोर आलं तेव्हा उलटी झाली, थोड्या वेळाने पुन्हा झाली. आजी काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तिला काय आठवतंय. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा नागपुरात शाळेत होते, आणि ती माझ्यासाठी पेपरातली बातमी होती. आजीसाठी ती बातमी नव्हती. मामाच्या शेजारच्या शेतातला एक जण तेव्हा तेरा दिवस दवाखान्यात पडून होता.

मोटारसायकलवर मधे मामा, मागे चुलतमामा धरून बसलेला, असं त्याला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी मामा चालत घरात आला आणि चहा मागितला. एवढंच झालं. पण ती रात्र मी आजीच्या शेजारी बसून काढली आणि आजी मधूनमधून माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती. जणू काही माझंच काही बिनसलं होतं.

तिसऱ्या दिवशी मामी आली. सगळं ऐकून घेतलं, बॅग ठेवली आणि तडक शेतात गेली. मी मागोमाग. पानांवर मेलेले किडे अजून चिकटून होते. तिने एक उचलून तळहातावर घेतला.

"हे कोनं मारले?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला, "म्याच मारले. मलेच वाटलं अळी हाये."

मामीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चाल माह्यासंग," एवढंच म्हणाली, आणि बांधाकडच्या ज्या दोन ओळींपर्यंत पंप पोचला नव्हता तिथे मला घेऊन गेली. तिथे एका पानावर तसाच एक किडा होता, जिवंत. तो त्या 'अंड्यां'पैकी एक तोंडात धरून खात होता. आणि ते अंडं पाय हलवत होतं!

"हे अंडे नाई. हा मावा हाये. मावा पानाचा रस पिते, आन् हे पोट्टं माव्याले खाते. ढालकिड्याचं पोर हाये हे. आमाले शेतीशाळेत दाखोलं होतं. आता पाय मोज याचे."

मी मोजले. सहा. तिन्ही जोड्या पुढे, डोक्याजवळ. मागे काहीच नाही, पोट नुसतं फरफटत चाललेलं.

मग तिने एक बोंड फोडून खरी अळी दाखवली. पुढे तीच तीन जोड्यांची टोकदार पावलं, पण मागे पोटाखाली आणखी गुबगुबीत पाय, पानाला घट्ट धरून ठेवणारे. हे मागचे मांसल पाय असले की ते फुलपाखराचं किंवा पतंगाचं पोर. नुसतेच पुढचे सहा असले की थांबायचं, आणि आधी बघायचं की हे खातंय काय. कॉन्व्हेंटच्या चार्टवर मी अळीचे पाय किती काढले होते, कोण जाणे. बहुतेक जागा उरली तेवढे.

मामी सातवीपर्यंत शिकली आहे. ढालकिडा म्हणजे आपला लेडीबर्ड, लाल-नारिंगी गोल पाठीवर काळे ठिपके असलेला. ग्रीटिंग कार्डांवर, कंपासपेट्यांवर मी त्याला शेकडो वेळा पाहिला होता. त्याला मूल असतं आणि ते त्याच्यासारखं अजिबात दिसत नाही, हे मला विसाव्या वर्षी कळायला आलं होतं. आणि ज्याला मी अंडी म्हटलं त्या माव्याच्या माद्या आपल्याकडे अंडी घालतच नाहीत, त्या नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देतात. आठवड्याभरात ती पिल्लंही आया होतात. एम-थ्रीमध्ये ज्याला केटी लागली आहे त्यालाही हा ग्राफ कुठे जाणार ते सांगता येईल. फवारल्यावर जो थोडा मावा वाचतो तो असा भराभर वाढतो. त्याला खाणारे ढालकिडे मात्र अंडं, पोर, कोष अशा सगळ्या पायऱ्या चढून सावकाश येतात. पंधरा दिवसांनी मामीचा फोन आला तेव्हा तिने फक्त एवढंच सांगितलं, "मावा दुप्पट हाये." मी "हो" म्हटलं.

कॉलेजात परत आले ती हाच किडा डोक्यात घेऊन. लायब्ररीत आमच्या विषयांची पुस्तकं सोडून काही मिळणं अवघड, तरी जिथून मिळेल तिथून वाचत सुटले. वाचता वाचता पहिला साक्षात्कार झाला तो हेलिकॉप्टरचा. हा शब्द आपण 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतो, पण तो मुळात 'हेलिको' आणि 'प्टर' असा आहे. ग्रीकमध्ये 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हाच 'प्टर' किड्यांच्या गटांच्या नावांत जिकडेतिकडे बसलाय. कोलिऑप्टेरा म्हणजे म्यानासारखे पंख, डिप्टेरा म्हणजे दोन पंख, लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांचे पंख, हेमिप्टेरा म्हणजे अर्धे पंख. घोकायला भयानक वाटणारी ही नावं म्हणजे साधी ओळखपत्रं आहेत! स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५८ साली किड्यांचे सात गट पाडले ते मुख्यतः पंख बघूनच. सातवा गट बिनपंखवाल्यांचा, आणि त्यात त्याने कोळी, विंचू, खेकडेसुद्धा कोंबले होते. आपण जर्नलच्या शेवटी 'मिसलेनिअस' असं सेक्शन करतो ना, तसं. कोळी आणि विंचू त्यातून पुढे बाहेर पडले, कारण त्यांचे पाय आठ. पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मखमली 'मृगाचा किडा'ही आठ पायांचाच, म्हणजे नाव किडा असलं तरी नातं कोळ्याशी. म्हणून मी हॉस्टेलमध्ये आधी पाय विचारते. सहा पाय, अंगाचे तीन भाग, डोक्यावर मिशांची एक जोडी, एवढं जुळलं तर तो कीटक. मग पंखांकडे जायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो भुंगेरे आणि ढेकूण यांच्यात फरक शिकण्यात, कारण शेतात घोळ तिथेच होतो. दोघांचीही पाठ कडक, दोघेही चपटे-गोल, आणि लाल-काळा रंग दोघांनाही आवडतो. ढालकिडा लाल आणि कपाशीवरचा लाल ढेकण्याही लाल. एक आपला, दुसरा सरकी चोखून कापसाला डाग पाडणारा. कसं ओळखायचं? पाठ बघायची. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक होऊन त्यांच्या दोन ढाली झालेल्या असतात, आणि त्या पाठीवर मधोमध एका सरळ रेघेत जुळतात. अगदी पट्टीने ओढल्यासारखी रेघ! उडायचे मऊ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. ढेकणाच्या गटात पुढचा पंख निम्मा जाड आणि टोकाकडे निम्मा पातळ, म्हणून 'अर्धे पंख'. ते पाठीवर एकमेकांवर चढतात, त्यामुळे रेघेऐवजी फुली दिसते आणि फुलीच्या वर एक त्रिकोण असतो. तरी शंका उरलीच तर उलटा करायचा. भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात, ढेकणाला पोटाखाली दुमडलेली सोंड असते, सुईसारखी. जगात आजवर नोंदलेल्या किड्यांच्या सुमारे दहा लाख जातींपैकी साडेतीन-चार लाख नुसते भुंगेरेच आहेत. म्हणजे ही एक रेघ शिकलात तरी एक तृतीयांश पोर्शन कव्हर!

मामीला मी फोनवर ही रेघ आणि फुली सांगितली तर ती म्हणाली, "हो त. मंग?" तिला ते ठाऊकच होतं, फक्त 'रेघ' असं कधी म्हटलं नव्हतं.

सोंडेचा मुद्दा नुसता ओळखीपुरता नाही. जो चावून खातो त्याच्यासाठी पानावर पडलेलं औषध चालतं. जो सोंड खुपसून आतला रस ओढतो त्याला ते लागेलच असं नाही, तिथे झाडाच्या रसातून फिरणारं औषध लागतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सगळे सोंडवाले. (आपल्या हॉस्टेलच्या गाद्यांमधले ढेकूणही याच खानदानातले, फक्त त्यांनी झाडं सोडून इंजिनिअर धरले.) आणि बीटी कपाशी! ती आपल्याकडे २००२ साली आली. लहानपणी मला नेहमी प्रश्न पडायचा की बियाणंच औषधवालं आहे तर मामा फवारतो कशाला? उत्तर असं की बीटीचं ते प्रथिन बोंडअळ्यांच्या, म्हणजे पतंगांच्या पोरांच्या, आतड्यात काम करतं. सोंडवाल्यांना त्याने काही होत नाही. म्हणजे त्या प्रथिनालासुद्धा किड्यांचे गट ओळखता येतात, आणि मला येत नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनालाही जुमानेनाशी झाली, आणि ज्या २०१७ बद्दल वर लिहिलं त्याच हंगामात तिने बोंडं पोखरली, तो भाग वेगळा. तो इथे चार ओळींत मावणार नाही.

माझा स्वतःचा लाडका गट मात्र माशांचा. इथे आपल्या ब्रँचवाल्यांनी कान टवकारावेत. माशीला, डासाला दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या आणि त्यांच्या टोकाला गोळे, ढोल वाजवायच्या टिपऱ्यांसारखे. उडताना हे गोळे पंखांच्याच वेगाने वरखाली होतात आणि माशी वळली की त्यांच्यावर जो आडवा जोर येतो त्यावरून तिला कळतं की आपण किती वळलो. हा कोरिऑलिस फोर्स! आपल्या मोबाईलमध्ये जो जायरोस्कोप असतो त्यातही असाच एक कणभर तुकडा थरथरत असतो आणि तत्त्व हेच. व्हायवामध्ये मी हे उदाहरण दिलं. एक्स्टर्नल माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "नेक्स्ट."

हे दोन पंख मोजायची सवय लागली की फसवाफसवी लक्षात येते. शेतात फुलांवर एक पिवळी-काळी पट्टेवाली 'मधमाशी' हवेत एका जागी स्थिर उभी राहते. पंख मोजा. दोन! मिशा अगदी आखूड, डोळे डोकंभर. ती मधमाशी नव्हेच, तिचा वेश घेतलेली सिरफिड माशी. तिच्याकडे डंख नाही. तिची पोरंही मावाच खातात, आणि त्यांना तर पायच नसतात, म्हणजे ती दिसायला आणखी संशयास्पद. मामाने फवारलं त्या दिवशी तीही गेली असणार. मी तेव्हा बघितलीच नव्हती.

खऱ्या मधमाशीला चार पंख. पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांच्या ओळीने एकमेकांत अडकवलेला असतो, त्यामुळे चार असून दोन वाटतात. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी हे एक कुटुंब आहे. कमरेला चिमटा, हीच त्यांची खूण, आणि डंख मारणाऱ्या झाडून सगळ्या माद्याच. (मुलांच्या हॉस्टेलकडून यावर शेरे येतील. येऊ देत.)

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री आमच्या कॉरिडॉरमधल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या 'मुंग्यां'चा खच पडला होता. मेस बंद करावी लागली एवढा! मी चार उचलून बघितल्या. कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीची कंबर बारीक, मिशी कोपरातून वाकलेली आणि पुढचे पंख मोठे. म्हणजे ही वाळवी होती. तिला आता झुरळांच्याच गटात धरतात. हे मी मोठ्याने सांगितलं तेव्हा दोन मुली ताट ठेवून निघून गेल्या. वॉर्डन मॅडमना मात्र मी लाकडी दारांच्या चौकटी बघायला सांगितल्या, आणि दोन चौकटी आतून पोकळ निघाल्या.

बाकीचे गट मी पटकन उरकते, कारण ते तुम्हाला येतातच. नाकतोड्याची मागची तंगडी कुणालाही ओळखता येते. फुलपाखरू आणि पतंग यांत शंका आली तर मिशी बघा. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाची मिशी धाग्यासारखी किंवा पिसासारखी. चतुराचे पंख बसल्यावरही विमानासारखे पसरलेले, टाचणीचे मिटलेले. आणि इथे मला आमच्या इंग्रजीची जरा कीवच आली. ड्रॅगनफ्लाय, बटरफ्लाय, व्हाइटफ्लाय, यातली एकही 'फ्लाय' नाही. किड्यांचे अभ्यासक म्हणे स्पेलिंगमध्येच खुणा ठेवतात. खरी माशी असेल तर 'हाउस फ्लाय' असे दोन शब्द, खोटी असेल तर एकच शब्द जोडून. दहा वर्षं स्पेलिंगबद्दल छड्या खाल्ल्या पण हे कुणी सांगितलं नव्हतं! अर्थात आपली मराठीही काही कमी नाही. पांढरी माशी ही माशी नव्हे, ती सोंडवाली. चतुर आणि टाचणी ही नावं मात्र इतकी नेमकी आहेत की ती ठेवणाऱ्याने दोघांना नीट शेजारी बसवून बघितलं असणार.

दिवाळीत पुन्हा गेले होते. मामीने पानाच्या मागे एक गंमत दाखवली. केसासारखे उभे धागे, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकावर एक पांढरट अंडं, छोट्या फुगेवाल्याच्या काठ्यांसारखं. मी म्हटलं, "मामी, ही बुरशी का गं?"

"क्रायसोपा," मामी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. जाळीच्या पंखांचा, हिरवा, सोनेरी डोळ्यांचा तो नाजूक किडा आणि त्याचं थेट लॅटिन नाव, माझ्या मामीच्या तोंडी, डोक्यावर पदर आणि हातात कापसाचं गाठोडं असताना! त्याची पोरं माव्याला चिमट्यासारख्या जबड्यात धरून शोषून घेतात. अंडी काठीवर ठेवायचं कारण असं की मुंग्यांना, आणि आधी जन्मलेल्या भावंडांनाही, ती सहज सापडू नयेत. मी कॉन्व्हेंटची, मी बुरशी म्हटलं. तिला शेतीशाळेत जे नाव सांगितलं ते तिने जसंच्या तसं ठेवून घेतलं होतं, इंग्रजी की मराठी याची फिकीर न करता.

तेव्हाच मी मामाजवळ विषय काढला. म्हटलं, "मामा, तुम्ही मामीला खोटं का सांगितलं?" तो वाती वळत होता. "कोनतं?" म्हणाला. मी म्हटलं, ते किडे मी मारायला सांगितले होते. "हॅ," म्हणाला. "पंप त माह्याच पाठीवर होता."

यंदा सप्टेंबरमध्ये डिजिटलचा पेपर होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मामाचा फोटो आला. हलून गेलेला, अर्धा अंगठाच दिसतोय. हिरवं पान आणि त्यावर काळपट काहीतरी. पाठोपाठ फोन.

"फवारू का?"

"मामा, फोटोत काही दिसत नाहीये. पाय किती आहेत त्याला?"

"थांब."

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज आला, मग कपाशीची पानं अंगाला घासल्याचा, मग बराच वेळ नुसता वारा. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून होते. वरून कुणीतरी मला नोट्ससाठी हाका मारत होतं.

"सहा हाये," मामा म्हणाला. "सहाही समोर. मांगं काईच नाई."

"आणि खातोय काय?"

पुन्हा वारा.

"मावा."

"मग राहू द्या, मामा."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "पंप काढू नको रे, ठेव तसाच!"